हिरव्या यादीतलं घर

आगीपुढे सगळी माणसं सारखीच असतात. आमच्या नॅरिंगडेलच्या आग विझवणाऱ्या ब्रिगेडच्या शेडवर हे वाक्य वीतभर उंचीच्या अक्षरांत कोरलेलं आहे. त्याच पाटीखाली दोन खिळ्यांवर एक यादी लटकवलेली असते. कोणाचं घर वाचवायचं आणि कोणाचं नाही, हे तिच्यात लिहिलेलं असतं.

यादीत तीन रंग आहेत. हिरवं घर म्हणजे वाचवण्याजोगं. पिवळं म्हणजे वेळ मिळाला तर बघू. लाल घरापाशी आली की गाडी फाटकाजवळ जराशी हळू होईल, चालवणारा वाईट वाटल्यासारखी मान हलवील आणि पुढच्या घराकडे निघून जाईल. यात कोणाचा कोणावर राग नाही. गाडी एक, तिच्यात पाणी तीन हजार लिटर, आणि घरं एकसष्ट. यादी दर नोव्हेंबरात, उन्हाळा तोंडावर आला की, ब्रिगेडचा कप्तान डेस मॅक्ग्लेड ठरवतो आणि तो कमालीचा निःपक्षपाती माणूस आहे. स्वतःच्या सासूचं घर त्यानं सलग सहा वर्षं लाल ठेवलं होतं. ती गेल्यावर पिवळं केलं.

पाटी मॅक्रोकार्पाच्या, म्हणजे सुरूसारख्या एका दाट झाडाच्या, लाकडाची आहे. ते लाकूड क्लॅरी पेंगिलीच्या कुंपणाचं.

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा क्लॅरी ब्याऐंशी वर्षांचा. बायको एडना जाऊन नऊ वर्षं झालेली. एक मुलगी, रोझलिन, जीलाँग शहरात. घर, तीस मेंढ्या आणि घराच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंनी मॅक्रोकार्पाचं दोनशे ऐंशी मीटर कुंपण, एवढा त्याचा संसार. कुंपण त्याच्या आईनं लावलेलं. तिनं आंघोळीचं पाणी घालून ते वाढवलं, आणि क्लॅरीनं चौदाव्या वर्षापासून दर साल ईस्टरच्या सुमाराला ते छाटलं. ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर मचाण, मचाणावर क्लॅरी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली दोरी. चार मीटर उंच, दोन मीटर रुंद, आणि वरून असं सपाट की त्यावर कोणी बिलियर्ड खेळायचं म्हटलं असतं तर अडचण फक्त चढायची होती.

छाटणी झाली की डेस यायचा. मचाणावर चढून काठोकाठ भरलेला बीअरचा ग्लास कुंपणाच्या माथ्यावर ठेवायचा आणि आम्ही सगळे खाली उभे राहून घड्याळ बघायचो. पाच मिनिटं. थेंब सांडला तर बीअर क्लॅरीच्या खर्चानं, नाही सांडला तर डेसच्या. एकतीस वर्षं डेसच पाजत होता.

आणि त्याच डेसनं गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात क्लॅरीचं घर लाल केलं.

मी तेव्हा सोबत होतो. पंचवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे गावातल्या प्रत्येक समितीचा चिटणीस मीच असतो. डेस क्लिपबोर्ड छातीशी धरून उभा होता, डॉक्टर एक्स-रे धरतात तसा.

"क्लॅरी, वाईट वाटून घेऊ नकोस."

"अजून तू काही बोललाच नाहीस."

"तुझं घर लाल आहे."

"क्रीम आहे. एडनानं निवडलेला रंग."

"यादीत रे. यादीत लाल आहे. तुझ्या कुंपणामुळे."

डेसनं मग कुंपणात खांद्यापर्यंत हात घातला. बाहेरून मॅक्रोकार्पा एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारखा हिरवागार आणि घट्ट दिसतो. आत सगळा साठ-सत्तर वर्षांचा वाळलेला काडीकचरा असतो. डेसनं त्यातली मूठभर बाहेर काढली, जमिनीवर ठेवली आणि लायटर लावला. फस्सकन् जाळ झाला आणि दोन सेकंदांत राख.

"बघितलंस? हे तेल आहे तेल. तू घराला दोन बाजूंनी तेलाची भिंत बांधून बसलायस."

"लायटर लावल्यावर माझं वर्तमानपत्रही असंच पेटतं," क्लॅरी म्हणाला. "ते नको का घेऊ?"

"वर्तमानपत्र चार मीटर उंच नसतं."

"म्हणजे आग आली तर तू येणार नाहीस."

"मी येईन रे. गाडी येणार नाही."

"गाडी आत यावी म्हणून फाटक तर तूच बसवून दिलंस."

"फाटकाला दोष नाही," डेस म्हणाला, आणि लाल पेनानं टिंब काढलं.

त्या टिंबाची बातमी रोझलिनला त्याच संध्याकाळी कळली. कशी ते विचारू नका, मीच फोन केला होता. चिटणीसाचं काम कळवणं हे असतं. तिनं बापाला सरळ सांगितलं, "बाबा, लाल घरात तुम्ही एकटे झोपलात तर इकडे मला झोप लागणार नाही. एक तर ते कुंपण जाईल, नाहीतर तुम्ही वृद्धाश्रमात जाल. मी तिथं खोलीसाठी नाव घालून ठेवतेय."

"मला इथंच मरायचंय," क्लॅरी म्हणाला.

"मग हिरव्या घरात मरा."

क्लॅरीला दुसरं काहीच नको होतं. एडना ज्या खोलीत गेली त्या खोलीत, त्याच पलंगाच्या डाव्या बाजूला, आपण जावं, एवढाच त्याचा बेत होता. उजवी बाजू तिची. हे तो लाजत वगैरे सांगत नसे, मेंढ्यांच्या जंताच्या औषधाबद्दल बोलावं तसं बोलायचा. त्यामुळे दोन दिवस विचार करून तो समितीपुढे आला.

समितीचं नाव 'वारा आणि वणवा समिती'. अध्यक्ष ग्लेनिस फॅरंट. ग्लेनिसबाईंना तीन वर्षं एक नमुनेदार शेत हवं होतं. आगीला न जुमानणारी झाडं लावून वाऱ्याची आड कशी उभी करावी, हे ज्या शेतावर बोट ठेवून दाखवता येईल असं. पण आपलं चांगलं कुंपण तोडून द्यायला कोणी तयार नव्हतं. आता एक माणूस स्वतःहून चालत आला होता, आणि तोही काय घेऊन? जिल्ह्यातलं सगळ्यात प्रसिद्ध कुंपण घेऊन. बाईंनी त्याच्यासाठी केक केला.

झाडांच्या निवडीची बैठक साडेतीन तास चालली. सरकारी कचेरीतून एक पुस्तिका आली होती. तिच्यात प्रत्येक झाडापुढे ज्वाळेची चित्रं होती. एक ज्वाळा म्हणजे चांगलं, पाच म्हणजे मॅक्रोकार्पा.

"ओक," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "एक ज्वाळा. पानं जाड, ओली. ठिणगी पडली तर विझते. भव्य झाड."

"मोठं व्हायला किती वर्षं?" क्लॅरीनं विचारलं.

"चाळीस."

"मी ब्याऐंशीचा आहे."

"पुढच्या पिढीचा विचार करायचा असतो, क्लॅरी."

"माझी पुढची पिढी जीलाँगला चौथ्या मजल्यावर राहते."

ओक बाहेरच्या रांगेत मंजूर झाला. पॉप्लर सुचवल्यावर डेसनं हात वर केला. पॉप्लरची मुळं पाण्याच्या वासानं कुठंही जातात, आणि सगळ्यात जवळचं पाणी डेसच्या तळ्यात होतं. पॉप्लर गेला. लिलीपिली, म्हणजे जांभळाची इकडची बहीण, कडाक्याच्या थंडीत जळते. आगीत जळणार नाही, पण थंडीत जळेल, म्हणून तिच्यावर बरीच तात्त्विक चर्चा झाली. मग आलं सॉल्टबुश. राखाडी पानांचं खारट झुडूप, मिठामुळे आग त्याला सहज धरत नाही.

"मेंढ्या ते खातात," क्लॅरी म्हणाला.

"तारेचं कुंपण घालू."

"म्हणजे कुंपणाला कुंपण?"

"मग 'बूबियाला' नावाचं झुडूप घे. दाट, हिरवंगार, रसरशीत. एक ज्वाळा."

"ते मेंढ्यांनी खाल्लं तर मेंढ्या मरतात."

एक झाड मेंढ्या खाणार, दुसरं मेंढ्यांना खाणार. शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलं, म्हणजे कोणावर अन्याय नको. बाहेर ओक, मध्ये बूबियाला, आत सॉल्टबुश, भोवती तार. एकूण तीनशे चाळीस रोपं. ग्लेनिसबाईंनी पुस्तिकेतला मजकूर मोठ्यानं वाचला, टाळ्या झाल्या. पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ही झाडं आगीला दाद देत नाहीत, पण पहिले तीन उन्हाळे त्यांना नियमित पाणी मिळालं तर. सुकलेला बूबियाला मॅक्रोकार्पाइतकाच छान पेटतो. ती ओळ बाईंनी वाचली नाही, कारण त्यांचा चष्मा केकपाशी राहिला होता. मी वाचली. इतिवृत्तात घेतली नाही, कारण ती ठरावाचा भाग नव्हती.

कुंपण तोडायचा दिवस ईस्टरनंतरचा शनिवार ठरला. आमच्याकडे असं मोठं काम सगळ्यांनी मिळून करायची पद्धत आहे. पुरुष हत्यारं घेऊन येतात, बायका खाणं घेऊन. त्यानंतर दहा वर्षं सगळे त्या दिवसाबद्दल बोलतात. मी आदल्या मंगळवारी क्लॅरीकडे गेलो तर तो मचाणावर. दोरी ताणलेली. छाटणी चालू.

"क्लॅरी, शनिवारी तोडायचंय ना हे?"

"हो."

"मग छाटतोयस कशाला?"

"लोक येणार आहेत," तो म्हणाला.

शनिवारी सव्वीस माणसं आली. सात चेनसॉ, दोन ट्रॅक्टर. पावात घालून खायला सॉसेज, चार प्रकारचे केक. डेस शिडी लावून चढला आणि रिवाजाप्रमाणे भरलेला ग्लास माथ्यावर ठेवला. आम्ही घड्याळ बघत उभे राहिलो. पाच मिनिटं झाली. थेंब सांडला नाही. डेसनं ग्लास उचलला, एका दमात संपवला, खाली उतरला आणि चेनसॉची दोरी ओढली.

अडुसष्ट वर्षं छाटलेलं कुंपण पाच तासांत आडवं झालं, मध्ये जेवणाची सुट्टी धरून. क्लॅरी पाच तास फांद्या ओढत होता, आपल्याच घरचं लग्न असल्यासारखा सगळ्यांना पाणी देत होता. दुपारी तीनला पश्चिमेकडे बघितलं तर पहिल्यांदाच तिथं आभाळ होतं. आभाळाच्या खाली रस्ता, रस्त्यापलीकडे ग्लेनिसबाईंचं घर, आणि दोन्हींच्या अलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या क्लॅरीच्या सहा चड्ड्या. अडुसष्ट वर्षं त्या कोणी बघितल्या नव्हत्या.

"मोकळं वाटतंय ना?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

"गार वाटतंय," क्लॅरी म्हणाला.

चांगल्या खोडांच्या फळ्या झाल्या. एक ब्रिगेडच्या पाटीला गेली, दोन डेसच्या व्हरांड्यातल्या टेबलाला. फांद्यांचा ढीग मे महिन्यात पेटवला. तीन दिवस जळत होता, ब्रिगेड पाइप घेऊन हजर होती. डेस म्हणाला, बघा, मी सांगत नव्हतो? आणि ते सगळ्यांना पटलं, कारण खरंच फार सुंदर जळत होतं.

जूनमध्ये रोपं लावली. हाताच्या बोटाएवढी तीनशे चाळीस रोपं, प्रत्येकाभोवती प्लॅस्टिकची तीन कोपऱ्यांची नळी. लांबून लष्करी कबरस्तान वाटायचं. फाटकाशी पाटी लागली: 'अग्निसुरक्षित वारारोधक. नमुना शेत.' तिच्यावर ग्लेनिसबाईंचा फोटो, बाजूला क्लॅरीचा अर्धा.

मग ऑगस्ट आला.

आमचा ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा. त्यातला वारा नैर्ऋत्येकडून, दक्षिण ध्रुवावरून येतो आणि वाटेत समुद्राशिवाय त्याला कोणी थांबवत नाही. क्लॅरीच्या शेतावर त्याला थांबवणारं जे होतं त्याचं डेसच्या घरी टेबल झालं होतं. मेंढ्या व्यायला लागल्या तेव्हा तीन दिवस पावसाबरोबर वारा सुटला. ओली, नुकती जन्मलेली कोकरं दोन तासांत गारठून मरतात. अकरा मेली. क्लॅरीनं दोन कोकरं स्वयंपाकघरात चुलीपाशी आणली, पण वाऱ्यानं धूर धुराड्यातून उलटा आत येत होता. एक कोकरू थंडीनं मेलं नाही, धुरानं मेलं.

समितीच्या बैठकीत त्यानं हे सांगितलं. तक्रार नव्हती, आकडा सांगितला.

"झाडं मोठी व्हायला वेळ लागतो, क्लॅरी," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "धीर धरायला हवा."

"मी धरतो," क्लॅरी म्हणाला. "वाऱ्याला कोण सांगतंय?"

सगळे हसले. मी इतिवृत्तात 'श्री. पेंगिली यांनी वाऱ्याविषयी माहिती दिली' असं लिहिलं.

नोव्हेंबरात डेस क्लिपबोर्ड घेऊन आला, घराभोवती एक चक्कर मारली आणि हिरवं टिंब काढलं. खरं सांगायचं तर क्लॅरीचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. त्यानं ते टिंब बोटानं पुसतंय का ते बघितलं. पुसलं नाही. रोझलिनला त्यानं स्वतः फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाला, "हिरवं." तिनं वृद्धाश्रमाच्या यादीतून नाव काढलं नाही, पण खाली ढकलायला सांगितलं. क्लॅरी जिंकला होता. पलंगाची डावी बाजू त्याची झाली होती.

आता उरलं होतं फक्त पाणी.

तीनशे चाळीस रोपं, एका रोपाला दिवसाआड दोन लिटर. समितीनं पाळ्या लावल्या. सात दिवस, सात माणसं. सोमवार डेस, मंगळवार ग्लेनिसबाई, असं करत गुरुवार माझा. कागद सभागृहात लावला. पहिल्या आठवड्यात सगळे गेले, कारण कागद नवा होता. दुसऱ्या आठवड्यात गव्हाची कापणी सुरू झाली. तिसऱ्यात क्रिकेट.

इथं आमच्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं दुष्टपणाचं वाटेल. आमच्याकडे मदत एकदाच विचारतात. समोरचा 'नको' म्हणाला की विषय संपला. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतोयस असं त्याला तोंडावर सांगणं, आणि तेवढा उद्धट इथं कोणी नाही. आणि पहिल्यांदा विचारल्यावर 'हो, ये' म्हणणं म्हणजे मला जमत नाही अशी जाहिरात करणं. तेवढा निर्लज्जही कोणी नाही. या पद्धतीवर आमचं गाव दीडशे वर्षं सभ्यपणे चाललेलं आहे.

मी बुधवारी रात्री फोन करायचो.

"क्लॅरी, उद्या पाण्याला येऊ का?"

"नको. जमतंय."

"बरं."

सात जणांचे सात फोन, आणि सातही फोनवर हेच संभाषण, शब्दाचा फरक नाही. प्रत्येकाला वाटायचं की आपलाच वार तेवढा रिकामा, बाकी सहा दिवस माणसं जातायत. क्लॅरीला ठाऊक होतं की आठवड्याला वार सात असतात. त्यानं ट्रेलरवर हजार लिटरची टाकी ठेवली, तिला नळ आणि पाइप जोडला, आणि रोज सकाळी सहाला एका रोपापासून दुसऱ्या रोपाकडे ट्रॅक्टर पुढे घ्यायचा, उतरायचा, पाणी घालायचा, चढायचा. तीनशे चाळीस वेळा नाही, अर्धी आज, अर्धी उद्या. म्हणजे एकशे सत्तर वेळा चढणं आणि एकशे सत्तर वेळा उतरणं. त्र्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी. रोपं सुकली तर टिंब लाल होणार, आणि टिंब लाल झालं तर डावी बाजू गेली, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळलं होतं. पुस्तिका त्यानं तळापर्यंत वाचली होती.

एकदा मला दुकानात भेटला. खंगलेला दिसला.

"कसं चाललंय?" मी म्हटलं.

"सॉल्टबुश छान धरलाय. बूबियाला रुसलाय. ओक अजून बोलत नाही."

"आणि तू?"

"मी काय, मला कोणी लावलेलं नाही."

फेब्रुवारीत एका गुरुवारी पारा त्रेचाळीसवर गेला आणि उत्तरेकडून, वाळवंटावरून, भट्टीसारखा वारा सुटला. अशा दिवशी जिल्ह्यात आग पेटवायला सक्त मनाई असते आणि ब्रिगेडची सगळी माणसं सकाळपासून शेडमध्ये तयार बसतात. आम्ही वीस जण पाटीखाली बसलो होतो. पत्ते खेळलो. ग्लेनिसबाईंनी थंड लिंबूपाणी आणलं. दुपारी डेसनं भिंतीवरच्या यादीकडे बघून म्हटलं, "आज क्लॅरीच्या घराची काळजी नाही. एक काम तरी आपण नीट केलं." त्यावर आम्ही ग्लास उंचावले. गुरुवार माझा होता. पण मी ब्रिगेडच्या कामावर होतो, आणि शिवाय आदल्या रात्री विचारलं होतं.

आग आली नाही. त्या दिवशी नाही आणि त्या उन्हाळ्यातही नाही.

शुक्रवारी सकाळी डेस समितीच्या अहवालासाठी नमुना शेताचे फोटो काढायला गेला. मी त्याच्याबरोबर गेलो. ट्रॅक्टर पश्चिमेच्या रांगेत, जवळजवळ टोकाला उभा होता. इंजिन बंद पडलेलं. ट्रेलरच्या पलीकडे क्लॅरी चिखलात कुशीवर पडलेला. पाइप त्याच्या हातातून सुटून एका बूबियालाच्या मुळाशी गेला होता आणि टाकीतलं उरलेलं सगळं पाणी त्या एका रोपाला मिळालं होतं. क्लॅरी त्याच ओलीत पडून राहिला म्हणून उन्हानं मेला नाही, असं नंतर डॉक्टर म्हणाले. म्हणजे झाडांना पाणी घालणं तब्येतीला चांगलं असतं.

त्याचे डोळे उघडे होते. ओठ फुटलेले.

डेस गुडघ्यावर बसला. "क्लॅरी! अरे, कधीपासून पडलायस?"

"काल. सकाळी सातच्या सुमाराला."

"मग हाक मारायचीस ना, गाढवा! रस्त्यापलीकडे ग्लेनिसचं घर आहे. आता तर मध्ये काही नाहीसुद्धा!"

"मारली की," क्लॅरी म्हणाला. "एकदा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. बॅलरॅटच्या हॉस्पिटलात सहा आठवडे काढले. रोझलिन आली, घराला कुलूप लावलं, मेंढ्या विकल्या. हॉस्पिटलातून क्लॅरी सरळ गावातल्या वृद्धाश्रमात गेला. नाव खाली ढकललेलं असलं तरी त्या महिन्यात वरची दोन माणसं गेली होती.

पाण्याचा प्रश्न समितीपुढे पुन्हा आला. ग्लेनिसबाई म्हणाल्या की मालकच तिथं नसताना त्याच्या आवारात शिरणं बरं दिसणार नाही. मार्चअखेर ओक गेले. बूबियाला वाळला. तारेला भोक पडलं आणि डेसच्या मेंढ्यांनी सॉल्टबुश तीन दिवसांत साफ केला. मेंढ्यांना काहीही झालं नाही, कारण तोपर्यंत बूबियालाच्या वाळक्या काड्या समितीनं आगीच्या भीतीनं उपटून नेल्या होत्या. एक बूबियाला तेवढा उरला आहे, टाकीतलं उरलेलं पाणी मिळालेला. माझ्या छातीपर्यंत आलाय. अहवालात त्याचा फोटो आहे.

मी आता दर गुरुवारी वृद्धाश्रमात जातो. एकही गुरुवार चुकलेला नाही. क्लॅरीची खोली उत्तरेला आहे. पलंग भिंतीला चिकटवून ठेवलेला आहे, डाव्या बाजूनं उतरता येत नाही. पडू नये म्हणून तशी व्यवस्था केलेली असते. खिडकीसमोर मॅक्रोकार्पाचं साठ मीटर लांब कुंपण आहे, भिंतीपासून चार पावलांवर.

गेल्या गुरुवारी मी बिस्किटं घेऊन गेलो. बीअर आत नेऊ देत नाहीत. क्लॅरी खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होता.

"हे कोणी छाटलंय?" तो म्हणाला.

"कंत्राटदार असेल."

"आंधळा आहे." थोड्या वेळानं म्हणाला, "ग्लास ठेवलास तर शेजारच्या अंगणात जाऊन पडेल."

"सांगू का त्यांना?"

"इथल्या मोठ्या बाईंना सांगितलं मी. दोरी द्या म्हटलं, मी इथूनच बसून सांगतो, तो कापेल. म्हणाल्या, तुम्ही आता विश्रांती घ्यायची."

आम्ही दोघं बघत राहिलो. डावीकडचं टोक एक हात तरी खाली गेलं होतं. वाऱ्यानं एक फांदी हलली आणि आतला तपकिरी काडीकचरा क्षणभर दिसला.

"दोरी आणू का मी पुढच्या वेळी?" मी विचारलं.

"नको," क्लॅरी म्हणाला. "जमतंय."

"बरं," मी म्हटलं.

परत येताना शेडवरून आलो. नव्या यादीत क्लॅरीचं घर हिरवंच आहे. त्याच्याभोवती जळण्यासारखं काहीच उरलेलं नाही. वृद्धाश्रमाचं नाव मी तिन्ही रंगांत शोधलं. ते सापडलं नाही, कारण ती इमारत गावहद्दीत येते आणि आमची यादी गावहद्दीबाहेरच्या घरांची आहे.